भूप रागातलं जडत्व

माझं डोकं तापट आहे हे मुलुंड पूर्वेला सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. संगीताच्या बाईंनी कसं शांत आणि गोड असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या शाळेत संगीत शिकवून बघावं. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोन तास. त्यातला एक गणितवाले नेणार, दुसरा इंग्रजीवाले. 'बाई, पोर्शन राहिलाय हो, एवढा आजचा तास द्या ना.' मागताना तोंड असं बारीक करायचे, की जणू घरात कुणी आजारी आहे. दिलेला तास पुढे कुणी परत केला असेल तर शपथ. दिवाळीनंतर तर कुणी मागायचंसुद्धा नाही, सरळ जाऊन बसायचे. मी पेटी घेऊन दारात उभी आणि आत फळ्यावर समीकरणं. संगीत, चित्रकला, शिवण, पीटी हे आमचे तास म्हणजे रस्त्याकडेची बोरं, येईल त्याने झोडपावीत.

त्यामुळे त्र्याऐंशीच्या ऑगस्टात एका दुपारी भौतिकशास्त्राचे राऊळ सर माझ्या जिन्याखालच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. म्हटलं, नाही मिळणार, आधी गेल्या आठवड्यातला परत करा. गेल्या आठवड्यातला तास त्यांनी घेतलाच नव्हता, दुसऱ्याच कुणी घेतला होता. पण माझा राग काही नाव-गाव विचारून निघत नाही.

राऊळ सर हसले. म्हणाले, "तास नको बाई. तास तुमचाच. मी मागच्या बाकावर बसतो, तुम्ही शिकवा. फक्त तुमच्या तंबोऱ्याचं थोडं काम आहे."

तेवीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. तंबोऱ्याला हात लावाल तर आधी धुऊन या, असं काहीतरी बोलले आणि ते खरोखरच नळावर जाऊन हात धुऊन आले.

गुणाजी राऊळ म्हणजे सावंतवाडीकडचा माणूस. ठेंगणे, चष्मा, आणि शर्टाच्या खिशात कायम सुतळी, बाटलीचं बूच, रबरबँड, असलं काहीतरी. भांडुपला डोंगराच्या बाजूला चाळीत राहायचे. ब्याऐंशीच्या जूनमध्ये ते शाळेत लागले. पहिलं वर्ष पाचवी-सहावीवर काढलं आणि दुसऱ्या वर्षी मोठ्या बाईंनी त्यांच्या गळ्यात नववी ड घातली. आमच्या शाळेत तुकड्या अशा पडायच्या: अमध्ये हुशार, बमध्ये बरे, कमध्ये ज्यांचे वडील येऊन भांडतात ते, आणि डमध्ये उरलेले. नववी डला शिकवणं म्हणजे शिक्षाच समजायचे सगळे. राऊळ सरांना ते कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक. ते खूश होते.

त्या दिवशी त्यांनी काय केलं, तर तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा असतात ना, एकाच षड्जात लावलेल्या, त्यातल्या एकीवर कागदाचा इवलासा तुकडा दुमडून घोड्यावर बसवावा तसा बसवला. मला म्हणाले, बाई, आता शेजारची छेडा. मी छेडली. तो कागद थरथरला आणि टुणकन उडून खाली पडला. त्या तारेला कुणी हात लावला नव्हता. अख्खी नववी ड बाकांवर उभी राहिली. मग कागद पंचमाच्या तारेवर ठेवला, पुन्हा षड्ज छेडायला लावला, कागद ढिम्म. सर फक्त एवढंच म्हणाले, की ज्याचं कंपन आपल्याशी जुळतं तोच आपलं ऐकतो, याला पुस्तकात अनुनाद असं नाव आहे. बास. उरलेला तास माझा. आणि त्या दिवशी त्या पोरांनी तंबोरा असा कान देऊन ऐकला, की मी त्यांना भूप शिकवायला घेतला. नववी डला, भूप.

त्यानंतर राऊळ सरांची स्वारी शाळाभर फिरायला लागली. आपला रिकामा तास आला, की ते बघायचे नववी ड कुठे आहे. शिवणाच्या तासाला जाऊन अंगुस्तान घालून आणि न घालता सुई टोचून बघायचे. कात्री लांब पात्याची बरी की लांब मुठीची, यावर मुली आणि ते वाद घालायचे. पीटीचे बाळ सर खो-खो घ्यायचे, तिथे हे मैदानाच्या कडेला उभे. पळणारा खांबाला हात घालूनच का वळतो, नुसता वळायला गेला तर काय होतं, असं विचारून त्यांनी चांगल्या चांगल्या खेळाडूंना तोंडावर पाडलं. बाळ सर आधी वैतागले. मग मुलं खांब नीट धरायला लागली, तेव्हा गप्प बसले.

भूगोलाच्या जयंतीबाईंना तर त्यांनी वर्ग घेऊन मिठागरात नेलं. आमच्या शाळेपासून चालत जाण्याएवढी ती मिठागरं. जयंतीबाई पंधरा वर्षं फळ्यावर नकाशा काढून मिठागरं शिकवत होत्या, पायाखाली कधी घातली नव्हती. सरांनी मुलांना विचारलं, एवढी जागा अडवून पाणी असं वीतभर खोल का पसरून ठेवलंय, एकच खोल तळं का नाही केलं. मुलांनी पाय घातले, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, चाटूनसुद्धा बघितलं. येताना जयंतीबाईंची एक चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. त्या एका चपलेत शाळेत आल्या आणि तरी हसत होत्या. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते, शाळेच्या वेळात हसताना प्रथमच बघितलं.

एकूण झकास चाललं होतं. आणि मग सहामाही आली.

आमच्याकडे आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासायचे नाहीत, दुसऱ्याने तपासायचे. नववी डचा भौतिकशास्त्राचा गठ्ठा गेला चंद्रप्रकाश सरांकडे. माणूस वाईट नव्हता, पण विज्ञान म्हणजे व्याख्या आणि व्याख्या म्हणजे पुस्तकातली, यात त्यांना काना-मात्रा इकडचा तिकडे चालायचा नाही. त्यांच्यापुढे काय यावं? अनुनाद म्हणजे काय: 'वनमालाबाईंनी एका तारेला डिवचलं की शेजारची गप्प बसत नाही, तो.' वनमालाबाई म्हणजे मी. दाब म्हणजे काय: 'अंगुस्तान घरी विसरल्यावर जे बोटाला कळतं ते.' बाष्पीभवन: 'जयंतीबाईंची चप्पल राहिली तिथे जे चाललं होतं ते.' चंद्रप्रकाश सरांनी प्रत्येक उत्तरावर लाल रेघ ओढली. वर्गाच्या वर्ग नापास. वाट लागली.

मोठ्या बाईंनी राऊळ सरांना बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका वसुधाबाई, नऊवारीतल्या नव्हेत, पण दरारा तेवढाच. त्यांनी आवाज चढवला नाही. सरळ सांगितलं, की तुमचं दोन वर्षांचं प्रोबेशन जूनमध्ये संपतंय, माझ्या शेऱ्याशिवाय संस्था कुणाला कायम करत नाही आणि नववी डचा निकाल असा असेल तर मला शेरा देता येणार नाही. वार्षिकला सुधारणा दिसली तर ठीक, नाहीतर दुसरीकडे बघा. वर उपायही त्यांनीच काढला. नववी डचे संगीत, शिवण आणि पीटीचे सगळे तास एप्रिलपर्यंत तुमच्याकडे घ्या आणि व्याख्या पाठ करून घ्या.

राऊळ सर नको म्हणाले. मोठ्या बाईंना, तोंडावर. म्हणाले, ते तास काढून घेतले तर मी शिकवू कशात? बाई म्हणाल्या, मर्जी तुमची, मला वार्षिकचा निकाल हवा.

हे मला शिपायाकडून कळलं आणि माझं टाळकं सटकलं. मी शिक्षकखोलीत जाऊन त्यांना सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, इतकी वर्षं माझे तास न विचारता पळवले लोकांनी, आणि तुम्हाला ताटात वाढून दिले तर नको? नोकरी जाईल तुमची. घ्या मुकाट्याने. माझं संगीत काही पळून जात नाही.

तेव्हा ते मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले आणि घरचं बोलले. एरवी कधी बोलायचे नाहीत. वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला तेव्हापासून घरी. गिरणी काही त्यांना परत बोलवेना. सुरुवातीला सभांना वगैरे जायचे, मग तेही बंद झालं. पैशाचं कसंतरी भागत होतं, आई खानावळीला चपात्या करून द्यायची, सरांचा पगार होता. खरं दुखणं दुसरंच होतं. भांडुपला गल्लीत निम्मे लोक गावचे. खाली उतरलं की कुणीतरी विचारणार, काय भाऊ, सध्या काय? त्याला उत्तर नाही म्हणून वडिलांनी खाली उतरणंच सोडलं. दीड वर्ष ते खोलीत आणि गॅलरीत. दाढीला न्हावीसुद्धा वर यायचा. आता मुलाचीही नोकरी सुटली तर त्यांना तोंड कसं दाखवायचं, हे राऊळ सरांना कळत नव्हतं.

मी म्हटलं, मग तास का नाही घेत? तर म्हणाले, "पोरांका समाजला हा, बाई. त्यांना खरंच समजलंय. आता समजलेलं पुसून नुसते शब्द भरू का?" चिडले किंवा हळवे झाले की ते असे अर्धे मालवणीत जायचे.

घरी जाईपर्यंत मी धुमसत होते. त्यांच्यावर नाही, त्या व्याख्यांवर. काय एवढं मोठं लागून गेलंय व्याख्येत? मी या पोरांकडून बंदिशी पाठ करून घेते. ब्रजभाषेतल्या, ज्यातला एक शब्द त्यांना कळत नाही. आलापाच्या जागेसकट घोटून घेते. आणि मराठीतली चार ओळींची व्याख्या यांच्या डोक्यात बसत नाही म्हणजे काय? चाल नाही म्हणून बसत नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी विज्ञानाचं पुस्तक पेटीवर उघडं ठेवून बसले. घरच्यांना वाटलं बिनसलं काहीतरी. 'वस्तू आपली विराम अवस्था किंवा एकसमान गती आपणहून बदलू शकत नाही, या गुणधर्माला जडत्व असे म्हणतात.' बघा, हे सरळ भूपात बसतं. विराम अवस्थेवर थोडं थांबायचं, गतीला वर जायचं. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे झाडून सगळ्या व्याख्या 'असे म्हणतात'वर संपतात. समेवर यायला याच्याइतका चांगला शब्द मला कुठल्या बंदिशीत सापडला नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नसेल, पण त्याने ठेका धरूनच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी नववी डने भूपात जडत्व गायलं. आठवड्याभरात तरंगलांबी दुर्गा रागात गेली, तरफेचे तीन प्रकार भजनी ठेक्यात, घनता केरव्यात. राऊळ सर मागच्या बाकावर बसून टाळ्या द्यायचे. गाताना त्यांचा आवाज जिथे लागायला हवा तिथे एकदाही लागला नाही, पण तालात पक्के. मी अर्थ सांगायचे नाही, तो त्यांनी आधीच हातापायांत घालून ठेवला होता. माझं काम शब्दांचं. मग बाळ सरांना चेव आला, त्यांनी कवायतीच्या मोजणीत दाब-क्षेत्रफळ घातलं. शिवणाच्या बाईंनी मुलींकडून टाके घालताना म्हणवून घेतलं. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता पोरं 'असे म्हणतात' म्हणून डब्यावर थाप मारायची. दिवाळीनंतर शाळेत कुणी कुणाचा तास पळवला नाही असं ते पहिलं वर्ष.

मी खूश होते. इतकी, की त्यातली गोम माझ्या लक्षात आली नाही. माझ्याच काय, कुणाच्याच.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा. भौतिकशास्त्राचा पेपर. आमच्याकडे ज्याचा पेपर त्याने त्या मजल्यावर फिरकायचं नाही, त्यामुळे राऊळ सर खाली शिक्षकखोलीत. नववी डवर पर्यवेक्षक चंद्रप्रकाश सर. मी शेजारी नववी कवर. पेपर वाटले, पोरांनी माना खाली घातल्या आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून मला भूप ऐकू आला.

आधी मला बरंच वाटलं. गंधार छान लागला होता. मग दुसऱ्या कोपऱ्यातून दुर्गा सुरू झाला, खिडकीकडून भजनी ठेका, आणि बघता बघता अख्खा वर्ग गुणगुणायला लागला. प्रत्येकजण आपापल्या प्रश्नावर, आपापल्या चालीत, बाकावर बोटांनी ताल धरून. मोहोळ उठल्यासारखा आवाज. मुलांचाही दोष नव्हता. त्यांना व्याख्या येत होती, पण गाण्यातून. आम्ही पाच महिने त्यांना तोंडाने गायला लावलं होतं; मनातल्या मनात गायला कुणीच शिकवलं नव्हतं.

चंद्रप्रकाश सर तास संपला की थेट शिक्षकखोलीत, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, ही सामुदायिक कॉपी. ठकठक म्हणजे अमुक पर्याय, सूर म्हणजे तमुक प्रश्न. तसले प्रकार चालतातही कुठे कुठे. त्यांनी सगळ्यांना पेनं खाली ठेवायला लावली आणि मोठ्या बाईंना बोलावणं धाडलं.

मी कचा वर्ग जयंतीबाईंच्या हवाली करून धावले. मोठ्या बाई आल्याच होत्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर राऊळ सर. कुणीतरी सांगितलं असणार. वर येता येत नव्हतं, नियम होता, आणि खाली जाववत नव्हतं. चेहरा पांढराफटक. पेपर रद्द झाला तर नववी ड नापास, नववी ड नापास तर सर घरी. हिशेब सोपा होता. केलं कुणी, तर मी.

मोठ्या बाईंनी सांगितलं, आवाज न करता लिहा. पेनं उचलली गेली आणि तशीच थांबली. एकही पोर लिहीना. पुढच्या बाकावर जया होती, एरवी तोंडाचा पट्टा बंद न होणारी. ती उभी राहिली आणि रडायलाच लागली.

"मोठ्या बाई, चाल सोडली की शब्द जातात."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. भूप, दुर्गा, भजनी ठेका, काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी म्हटलं, काय करायचं ते मला करा, सरांनी यात फक्त टाळ्या दिल्यात. चंद्रप्रकाश सर माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी वर्गात म्हैस बांधलीये.

मोठ्या बाई जयाला म्हणाल्या, बरं, मग गा. जडत्व गा.

जयाने डोळे पुसले आणि गायली. हळू, पण सुरात. 'असे म्हणतात'ला समेवर आली आणि सवयीने बाकावर थाप मारली. शब्द न शब्द पुस्तकातला. चंद्रप्रकाश सरांनी आपोआप मान हलवली.

"पोपटही म्हणतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "अर्थ काय त्याचा?"

जया म्हणाली, "खो-खोत खो मिळाला की पाय पळायला लागतात पण अंग मागेच बसायला बघतं, म्हणून उठताना तोल जातो. आणि जोरात पळत खांबाशी आलं की वळायचं म्हटलं तरी अंग सरळच जातं. अंगाला आपणहून काहीच बदलायचं नसतं, बाई. म्हणून खांब धरायचा, तो आपल्याला वळवतो."

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. राऊळ सरांनी मला पाडलं होतं."

कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चंद्रप्रकाश सरांना विचारलं, पेपर लिहिताना गाऊ नये असा परीक्षेचा काही नियम आहे का? सर म्हणाले, कॉपी करू नये असा आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, ही कॉपी आहे का? चंद्रप्रकाश सरांनी विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाले, नाही, हिचं उत्तर हिचंच आहे. पण बाकीच्या वर्गांना त्रास होतो. त्या माणसाला मी त्या क्षणी सगळं माफ केलं.

मग नववी डची वरात निघाली तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, उत्तरपत्रिका छातीशी धरून. गेलेला वेळ वाढवून दिला. मोठ्या बाई स्वतः स्टेजवर खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, लांब लांब बसा, दुसऱ्याचं गाणं ऐकू नका, आपलं म्हणा. पोरं मोकळी सुटली. उन्हाळ्याच्या दुपारी त्या सभागृहात जे काही चाललं होतं त्याला मैफल म्हणता येणार नाही, पण लिहीत होती सगळी, भराभरा, खाली मान घालून. मी दाराच्या फटीतून बघितलं. मोठ्या बाईंची बोटं टेबलावर भजनी ठेका धरून बसली होती. त्यांना स्वतःला कळलं नसावं.

पेपर पुन्हा चंद्रप्रकाश सरांकडेच गेले. या वेळी त्यांनी ते स्वतः हातात घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत नेले. मी आणि राऊळ सर तिथेच उभे होतो, मला कुणी बोलावलं नव्हतं, मी गेले होते. चंद्रप्रकाश सर म्हणाले, व्याख्या शब्दशः बरोबर आहेत. उदाहरणं पुस्तकात नाहीत पण मी तपासून बघितली, चुकीची नाहीत. दोघं-तिघं सोडून वर्ग पास. आणि म्हणाले, की तरफेचे प्रकार तपासताना माझाही पाय हलत होता.

मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे शेरा लिहिला, सही केली आणि म्हणाल्या, "राऊळ, जूनपासून तुम्ही कायम. आणि पुढच्या वर्षी मुलांना मनात गायला शिकवा."

सरांनी फक्त विचारलं, एक फोन करू का? भांडुपला त्यांच्या चाळीखाली किराणावाल्याकडे फोन होता. तो वर हाक मारायचा, मग त्यांची आई खाली उतरून यायची, दरवेळी आईच. सरांनी फोन लावला, निरोप दिला आणि रिसीव्हर कानाला धरून उभे राहिले. पलीकडचा तराजूचा आणि गिऱ्हाइकांचा आवाज आम्हाला इथे ऐकू येत होता. बराच वेळ गेला. मग सर एकदम ताठ झाले.

"बाबा? तुम्ही? ... बाबा, मी कायम झालंय."

मग ते नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवला आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, काही नाही, बिल वाढेल, ठेव म्हणाले. आणि थोड्या वेळाने म्हणाले, बाबा खाली उतरले, बाई. उद्या शाळा बघायला येतो म्हणतात. मला रडू आलं. मी ते अडवलंही नाही. मोठ्या बाईंना खिडकीबाहेर एकाएकी बघण्यासारखं खूप काही सापडलं.

दुसऱ्या दिवशी निकाल होता. मुलं, आईबाप, ही गर्दी. मी फाटकाशी कुणाशी तरी बोलत उभी होते. रस्त्याच्या पलीकडून एक उंच, हडकुळे गृहस्थ आले. ताजी दाढी केलेली, हनुवटीवर ब्लेड लागल्याची खूण, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट जो आता त्यांना मोठा होत होता. ते फाटकापाशी थांबले. गर्दी बघून जरा मागे सरकले. आमचा शिपाई निकालाच्या दिवशी लाटसाहेब असायचा. स्टुलावरून न उठता त्याने विचारलं, कोण हवंय, आपण कोण, काय करता?

मला वाटलं, झालं, आता हे परत फिरतील. मी पुढे व्हायला पाऊल टाकलं. पण ते फिरले नाहीत. त्यांनी शर्ट खाली ओढून सारखा केला.

"मी राऊळ मास्तरांचो बापूस," ते म्हणाले.

शिपाई स्टुलावरून उठला आणि त्यांना नववी डच्या वर्गापर्यंत सोडून आला.